शेतीविषयक प्रात्यक्षिकाचे थेट प्रक्षेपण

कृषि विज्ञान केंद्रात चाललेले प्रात्यक्षिक दूरच्या गावांतील शेतकऱ्यांस त्याच वेळी फोनवर दाखविता येते. तथापि पुष्कळदा चित्र अडखळते, आवाज तुटतो. औषधाचे प्रमाण सांगितले जात असताना असे झाल्यास ते चुकीचे ऐकले जाऊन पिकाचे नुकसान होण्याचा संभव असतो. यास्तव प्रक्षेपणाची योजना आधीच नीट करणे अगत्याचे आहे.

सर्व्हरची आवश्यकता : चित्रास दर सेकंदास १ मेगाबिट वेग लागतो असे धरू. केंद्राच्या संगणकावरून ५० जणांस ते परस्पर पाठविल्यास केंद्राच्या जोडणीतून ५० मेगाबिट बाहेर जावे लागतात. मोठ्या क्षमतेच्या जोडणीवरील सर्व्हर वापरल्यास केंद्राने एकच प्रवाह त्याकडे पाठवावा. पुढील वाटप सर्व्हर करतो. पाटाचे पाणी वाटले म्हणजे प्रत्येकाचा वाटा घटतो. चित्राच्या मात्र प्रती निघतात. मूळ प्रवाह घटत नाही.

कार्यपद्धती : ॲपल कंपनीने २००९ साली प्रचारात आणलेल्या एचएलएस पद्धतीत चित्राचे सुमारे ६ सेकंदांचे तुकडे पाडतात व प्रत्येक तुकडा निरनिराळ्या दर्जांत तयार ठेवतात. फोन आपल्या जोडणीच्या वेगानुसार योग्य तो तुकडा मागवून घेतो. जोडणी मंदावल्यास चित्र अंधुक होते, परंतु सहसा थांबत नाही. याकरिता एनजिन्क्स ही सर्व्हर आज्ञावली व तिचा आरटीएमपी हा जोडभाग, तसेच दर्जे तयार करणारी एफएफएमपेग ही आज्ञावली विनामूल्य मिळतात.

केंद्रांनी घ्यावयाची काळजी :

(१) जोडणीचा बाहेर जाणारा वेग आधी मोजावा. तो प्रवाहाच्या निदान दुप्पट असावा.

(२) २०० किलोबिटांचा हलका दर्जा अवश्य ठेवावा. १ मेगाबिट वेगाने तासास ४५० मेगाबाइट खर्च होतात. हलक्या दर्जात ९० पुरतात.

(३) औषधाचे प्रमाण फलकावर ठळक अक्षरांत लिहून मिनिटभर दाखवावे व दोनदा वाचावे.

(४) चित्र सुमारे २० सेकंद उशिरा पोहोचते. म्हणून प्रश्न विचारण्यास सांगितल्यावर थोडे थांबावे.

(५) प्रक्षेपणाची नोंद सर्व्हरवर जतन करावी. त्या वेळी शेतात असलेल्या शेतकऱ्यांस ती रात्री पाहता येईल.

एवढी दक्षता घेतल्यास साधी जोडणी असलेल्या केंद्रासही अनेक गावांपर्यंत अचूक सल्ला पोहोचविता येईल.