पडदा काळा, तरी संगणक जिवंत

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादा जुना ‘४८६’ संगणक खाली येतो. प्लास्टिक पिवळं पडलेलं, फ्लॉपीच्या खाचेत धूळ. वडिलांनी टाइप केलेला दुकानाचा हिशेब किंवा आजोबांच्या आठवणी त्यातच आहेत, असं घरात कुणाला तरी आठवतं. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा घरघरतो, हार्ड डिस्क फिरू लागल्याचंही ऐकू येतं. पडदा मात्र काळाच. मग ‘गेला’ म्हणून त्याची रवानगी भंगारात होते. बरेचदा तो गेलेला नसतो.

आयबीएमने १९८१ मध्ये पीसी आणला, तेव्हापासून या जातीचे संगणक चालू होताच आधी स्वतःची तपासणी करतात. मदरबोर्डवरच्या बायॉस चिपमध्ये त्यासाठी छोटा प्रोग्रॅम असतो. प्रोसेसर, खुद्द बायॉस, घड्याळाची यंत्रणा, मेमरीचा पहिला भाग असं तपासत तो पुढे सरकतो. पडद्याची पाळी त्यानंतर येते. त्याआधी काही बिघडलेलं आढळलं, तर ते सांगायला संगणकाकडे एकच साधन असतं, आतला छोटा स्पीकर. म्हणून पडद्याकडे बघत बसण्यापेक्षा कान देणं महत्त्वाचं. आयबीएम आणि अवॉर्ड बायॉसच्या अनेक मशिन्समध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. एएमआय बायॉसमध्ये त्यासाठी आठ आखूड बीप असतात. नेहमीसारखा एकच छोटा बीप आला, तर तपासणी पार पडली आहे आणि दोष मॉनिटरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये शोधायला हवा. काहीच वाजलं नाही, तर आधी स्पीकरची वायर जागेवर आहे का ते पाहावं. ती असूनही शांतता असेल, तर प्रोसेसरचं कामच सुरू झालेलं नाही, अशी शंका घ्यायची.

कार्डाचीच तक्रार असली तरी नवं कार्ड शोधायची घाई नको. वर्षानुवर्षं दमट हवेत पडून धातूच्या पट्ट्यांवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. शिवाय तापणं-थंड होणं या चक्रात खाचेत बसवलेल्या चिप्स केसभर वर सरकतात. प्लग काढून, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून पेटीच्या धातूला हात लावून, कार्ड आणि मेमरीच्या पट्ट्या बाहेर काढायच्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने त्यांची टोकं पुसायची आणि पुन्हा घट्ट बसवायच्या. दुरुस्तीवाले पूर्वी खोडरबर वापरत; पण त्याने सोन्याचा मुलामाही झिजतो. कितीतरी ‘मेलेले’ संगणक एवढ्यावरच उठून बसतात.

खरा घातकी भाग वेगळाच, आणि तो बोटाच्या पेराएवढा. ३८६ आणि ४८६ च्या अनेक मदरबोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी झाळून बसवलेली असते, बहुधा कीबोर्डच्या जोडणीजवळ. मशिन बंद असताना तारीख, वेळ आणि डिस्कची माहिती जपणं हे तिचं काम. माळ्यावर पडल्या पडल्या ती गळते. तिच्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बोर्डावर पसरतं आणि तांब्याच्या बारीक रेघा खात जातं. हिरवट-निळा थर दिसला की ओळखावं. बॅटरी कापून काढायची, पांढऱ्या व्हिनेगरने अल्कली मारायची, मग डिस्टिल्ड पाण्याने आणि अल्कोहोलने पुसून बोर्ड पूर्ण वाळवायचा. हातमोजे आणि चष्मा हवाच. हे रसायन कातडी भाजतं. कॅडमियमही विषारी, म्हणून ती बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यावी. रेघ तुटलीच असेल, तर कुशल कारागीर बारीक तारेने ती जोडू शकतो. मशिन वापरायचं नसलं, नुसतं आठवण म्हणून ठेवायचं असलं, तरी ही बॅटरी आजच काढलेली बरी.

मॉनिटर मात्र उघडूच नये. रंगीत काचनळीत वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. जुन्या पॉवर सप्लायच्या दोन जोडण्या बोर्डावर परत लावताना त्यांच्या काळ्या तारा मधोमध शेजारी शेजारी याव्यात. उलट लागल्या तर बोर्ड जळू शकतो.

बॅटरी काढल्यावर पडदा उजळला, तरी संगणक डिस्क सापडत नसल्याचं सांगतो आणि घरात पुन्हा धडकी भरते. डिस्क शाबूत असते. तिच्या रचनेचे आकडे तेवढे तो विसरलेला असतो. सिलिंडर, हेड, सेक्टर हे आकडे बहुधा डिस्कच्याच लेबलवर छापलेले असतात, ते सेटअपमध्ये भरायचे. आयडीई डिस्क यूएसबी अडॅप्टर लावून नव्या लॅपटॉपवरही वाचता येते. पण फार जुन्या काही डिस्क अडॅप्टरला ओळखताच येत नाहीत, तेव्हा हाच जुना संगणक कामी येतो. आणि फाइल मराठीत असेल, तर तिच्यासोबत त्या काळच्या फॉण्टच्या फायलीही उतरवून घ्याव्यात. युनिकोडच्या आधीचा तो मजकूर फॉण्टशिवाय उघडला, तर आजोबांच्या आठवणींच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते.