एका आडव्या रेघेचा उच्चार

'ने-आण', '१०-१२ माणसे' आणि 'बाकी -५००' या तिन्ही ठिकाणी रेघ एकच आहे. अर्थ मात्र तीन आहेत. पहिली शब्द जोडते, दुसरी 'दहा ते बारा' असा अंदाज सुचविते आणि तिसरी शिल्लक व कर्ज यांतील भेद दाखविते. डोळस वाचकाला हा भेद कोणी सांगावा लागत नाही. पण जो वाचक डोळ्यांऐवजी कानांनी वाचतो, त्याच्यापर्यंत ही रेघ पोहोचते कशी?

दृष्टिहीन माणसे संगणकावरील मजकूर 'स्क्रीन रीडर'च्या साह्याने ऐकतात. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली सुरू केलेला 'एन.व्ही.डी.ए.' हा असाच एक विनामूल्य स्क्रीन रीडर होय. त्याचे काम दोन टप्प्यांत चालते. प्रथम तो पडद्यावरील मजकूर उचलतो आणि त्यातील कोणती चिन्हे नावानिशी उच्चारावयाची ते ठरवितो. मग ध्वनी निर्माण करणारी दुसरी यंत्रणा तो मजकूर बोलून दाखविते.

चिन्हे किती उच्चारावीत, हे ऐकणाराच ठरवितो. मुळीच नकोत, काही, बहुतेक आणि सर्व अशा त्याच्या पायऱ्या आहेत. लेख सलग ऐकणाऱ्याला प्रत्येक स्वल्पविरामाचे नाव ऐकणे असह्य होईल; मुद्रिते तपासणाऱ्याला मात्र तेच हवे असते. एन.व्ही.डी.ए.च्या इंग्रजी नियमांत संयोगचिन्हाचे नाव 'बहुतेक' या पायरीपासून पुढे उच्चारले जाते. त्याखाली ते चिन्ह केवळ आवाजाच्या यंत्रणेकडे सोपविले जाते. ती क्षणभर थांबेल, शब्द जोडून बोलेल, किंवा स्वतःचा अर्थ लावील. म्हणूनच एकच पान दोघांना दोन तऱ्हांनी ऐकू येते.

अंकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. रेघेपूर्वी मोकळी जागा आणि रेघेला लागून अंक असल्यास ती 'उणे' समजावी, असा एक नियम या इंग्रजी नियमावलीत आहे. तो उपयुक्त आहे. परंतु जेथे असा नियम नसेल, तेथे पाचशे रुपयांचे देणे पाचशे रुपयांची शिल्लक म्हणून ऐकू येण्याचा संभव राहतो. हिशेब स्वतः पाहू इच्छिणाऱ्या माणसाला ही चूक क्षुल्लक नव्हे.

ओळीच्या शेवटी तुटलेल्या शब्दाची गोष्ट निराळी. वृत्तपत्राच्या अरुंद स्तंभात शब्द मावला नाही, की जुळारी तो रेघ देऊन तोडीत असे. अशा जुन्या पानांचा मजकूर संगणकावर उतरविताना ती रेघ तशीच राहिली, तर 'महा-राष्ट्र' असा दुभंगलेला शब्द कानी पडतो. ब्राउझरने स्वतः केलेली तोड मात्र केवळ दिसण्यापुरती असते. मूळ शब्द अखंड राहतो. या दोहोंच्या मधले 'मृदू संयोगचिन्ह' एरवी अदृश्य असते, पण मजकुरात ते खरोखरच असल्यामुळे काही आवाज तेथे अडखळतात.

युनिकोडमध्ये साधे संयोगचिन्ह, उणे चिन्ह आणि लांब रेघ यांना स्वतंत्र स्थाने आहेत. कळफलकावर हाताशी असलेली एकच रेघ सर्वत्र वापरण्याची सवय या सोयीवर पाणी फिरविते. उपाय सोपा आहे. '१०-१२' ऐवजी '१० ते १२' लिहावे, वजाबाकीसाठी खरे उणे चिन्ह वापरावे, जेथे घोटाळा महागात पडेल तेथे 'उणे' किंवा 'देणे' हा शब्दच लिहावा, आणि ओळ भरण्यासाठी शब्द हाताने तोडू नयेत. विरामचिन्हे वाचकाच्या सोयीसाठी जन्मली. कानांनी वाचणारा हाही वाचकच आहे.