वीरस्मृती आणि श्रावकाचे दान

पुण्याच्या घोरपडी परिसरात दक्षिण कमांडचे राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. स्वातंत्र्योत्तर युद्धांत वीरमरण पत्करलेल्या जवानांच्या या स्मारकाचे उद्घाटन १५ ऑगस्ट १९९८ रोजी झाले. कारगिल युद्धात वापरलेले मिग-२३ विमान आणि ‘आयएनएस त्रिशूल’ या युद्धनौकेची प्रतिकृती तेथे पाहावयास मिळते. परंतु त्याची खरी थोरवी अशी, की ते नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले.

अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या आपल्या समाजाने अशा कार्यास दान द्यावे काय, अशी शंका काहींच्या मनात येते. तिचे उत्तर आपल्याच श्रावकाचारात आहे. हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. श्रावकाने सर्वथा वर्ज्य करावयाची ती संकल्पी, म्हणजे हेतुपुरस्सर केलेली हिंसा. आश्रितांच्या वा देशाच्या रक्षणार्थ नाइलाजाने घडते ती विरोधी. श्रवणबेळगोळ येथे इ. स. ९८१ च्या सुमारास भगवान बाहुबलींची मूर्ती उभारणारे चामुंडराय हे गंग राजांचे सेनापतीच होते. त्यांच्या या कार्याची नोंद मूर्तीच्या पायथ्याशी प्राचीन मराठीतही कोरलेली आहे.

आपल्या मराठवाड्याचे सैनिकांशी नाते विशेष ऋणाचे आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरले. त्याच दिवशी नळदुर्गजवळ हवालदार बचित्तर सिंग धारातीर्थी पडले. मरणोत्तर अशोकचक्राचे मानकरी ठरलेल्या पहिल्या मोजक्या वीरांत त्यांची गणना होते. पंजाबचा हा सुपुत्र आपल्या मुक्तीसाठी गेला. दरवर्षी १७ सप्टेंबरला ध्वजवंदन करणाऱ्या आपल्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे? पदके, पत्रे, गणवेश आणि छायाचित्रे जपणारे संग्रहालय हवे ते यासाठी.

इमारतीसाठी देणगीदार मिळतात, कारण कोनशिलेवर नाव कोरले जाते. अडचण पुढे येते. कापडाला कसर लागते, कागदाला वाळवी लागते, विजेचे बिल थकते आणि रखवालदाराचा पगार राहतो. बँकेच्या सेवेत न्यासांचे हिशेब पाहताना एक गोष्ट ध्यानी आली : ज्यांनी मूळ रक्कम मुदत ठेवीत अबाधित ठेवून व्याजातच खर्च भागविला, तेच न्यास टिकले. देवद्रव्य अन्य कामी वापरावयाचे नाही, ही शिस्त आपल्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. वीरस्मृतीच्या कार्यास पैशाइतकीच या शिस्तीचीही गरज आहे.

परळीच्या व्यापारी कुटुंबांनी आरंभ लहानच करावा. आपल्या तालुक्यातील हुतात्मा व माजी सैनिकांच्या घरी जाऊन त्यांची पत्रे आणि छायाचित्रे यांच्या प्रती घ्याव्यात, नोंदवही करावी. १९४९ पासून ७ डिसेंबरला पाळल्या जाणाऱ्या सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निधीस दुकानाच्या नावे दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी. दिवाळीच्या वहीपूजनात नव्या खतावणीचे एक पान या खर्चासाठी राखावे. संग्रहालयाची भिंत कधी उभी राहील ती राहो. त्या पानावरील पहिली नोंद याच वर्षी होऊ शकते.