एका बुडबुड्यानं अडलेला ट्रॅक्टर

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत पाऊस झाला की डाऊनी रोगाच्या धास्तीनं फवारणी एक दिवसही लांबवता येत नाही. नेमका तेव्हाच ब्लोअर चालवणारा छोटा ट्रॅक्टर रुसतो. सेल्फ फिरतोय, बॅटरी ठणठणीत, टाकी आत्ताच भरलेली. इंजिन मात्र ढिम्म. मिस्त्री एका वाक्यात निदान करतो, "एअर घेतलीय." टाकी कोरडी पडली, फिल्टर बदलला किंवा पाइपचा जोड ढिला झाला, की हे घडतं. इवलासा हवेचा बुडबुडा 18 अश्वशक्तीचं यंत्र अडवतो, यामागचं कारण थक्क करणारं आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लगच नसतो. सिलिंडरमधली हवा विसाव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबली जाते आणि नुसत्या दाबानं 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते. तिच्यात डिझेलचा फवारा गेला की तो आपोआप पेटतो. पण इतक्या दाबात फवारा घुसवायचा कसा? रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 मध्ये आउग्सबुर्गला यशस्वी झालं, तेव्हा त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. त्या धुडापायी इंजिन लहान होईना. 1927 मध्ये रोबेर्ट बॉशच्या कारखान्यातून डिझेल पंप मोठ्या संख्येनं बाहेर पडू लागले आणि लहान इंजिनांची वाट मोकळी झाली.

या पंपात नळीमध्ये एक बारका दांडा वरखाली होतो. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. मध्ये रबराची रिंग नाही, धातूला धातूच भिडलेला! मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार दाब असतो. इथं सिलिंडरमध्ये फवारा सोडणारी नोझल उघडायलाच 100 बारहून बराच जास्त लागतो. इंजिन मिनिटाला 2400 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला 20 फवारे, तेही मोजून मापून.

डिझेल जवळजवळ दबत नाही, म्हणून दांड्याचा धक्का थेट नोझलपर्यंत पोचतो. हवा मात्र दबते. बुडबुडा स्प्रिंगसारखा आक्रसतो, पुन्हा फुगतो, आणि नोझल बंदच राहते.

उपाय एका पान्याचा आहे. टाकीचा कॉक उघडा ठेवून फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू थोडा सैल करायचा. आधी फेस येतो; सलग, स्वच्छ धार आली की आवळायचा. मग पंपावरचा स्क्रू तसाच. तरीही सुरू झालं नाही, तर नोझलकडच्या पाइपचे नट किंचित ढिले करून सेल्फ थोडाच वेळ मारायचा, डिझेल उसळलं की नट घट्ट. इथं हात लांबच ठेवा. त्या दाबाची बारीक चिळकांडीही कातडी भेदून आत शिरते, आणि ती जखम वरून क्षुल्लक दिसली तरी तातडीनं दवाखाना गाठावा लागतो.

पंप मात्र घरी खोलू नये. बांधावर बसून दोन-तीन मायक्रॉनची फट राखता येत नाही, धुळीचा एक कण ती ओरखडतो. माझ्या मते कमी खर्चातली खरी दुरुस्ती फिल्टरपाशीच होते: तो वेळेवर बदलायचा, त्याआधी भोवतालचा चिखल पुसायचा, तळाशी साचलेलं पाणी सोडून द्यायचं. आणि टाकी संध्याकाळीच भरून ठेवायची. रिकाम्या टाकीतल्या दमट हवेचं रात्रीच्या गारव्यात पाणी होतं आणि ते डिझेलमध्ये उतरतं.