लकवा मारल्यावर डोक्यातला दाब का वाढतो? पहिले पाच दिवस जपा

बोईसर : तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं की सरावलीत काय, कुठल्याही गावात आधी तेल चोळलं जातं. तेलाने मेंदूतली गुठळी विरघळत नाही. त्यासाठीचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावरच. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. त्यामुळे पेशंट शेवटचा धडधाकट कधी होता ती वेळ लक्षात ठेवा आणि १०८ लावा. तोंडात पाणीही घालू नका, ठसका लागतो.

ॲडमिट केलं म्हणजे सुटलो, असंही नाही. मोठ्या झटक्यानंतर मेंदूला सूज येते, ती बहुतेक दुसऱ्या ते पाचव्या दिवशी जोरात असते. पाय सुजला तर कातडी ताणली जाते; कवटी ताणत नाही. मग दाब वाढून मेंदूचा चांगला भागही चेपला जातो. पेशंटला सारखी गुंगी, उलट्या, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली तर "दमलाय, झोपू दे" म्हणू नका, नर्सला उठवा.

डॉक्टर डोक्याची बाजू ३० अंश उचलतात, मॅनिटॉल देतात. तेवढ्याने भागलं नाही तर कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा करून देतात; हाड नंतर बसवतात. साठीच्या आतल्या पेशंटवर ही शस्त्रक्रिया ४८ तासांच्या आत झाली तर जीव वाचण्याची शक्यता बरीच वाढते, अपंगत्व मात्र राहू शकतं. हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पण सहीसाठी गावाहून काका येईपर्यंत थांबू नका.