आजीबाईंची फेक

बास्केटबॉलच्या धकाधकीत फ्री थ्रोच्या वेळी मात्र खेळाडूला कोणी अडवीत नाही. फळा पंधरा फुटांवर, कडे दहा फूट उंचीवर, आणि घाई कसलीच नाही. तरीही कित्येक नामांकित खेळाडू या रेषेवर निम्म्या संधी दवडतात. अशांनी चेंडू दोन्ही हातांत धरून, गुडघ्यांजवळून झुलवीत खालून का फेकू नये, हा प्रश्न अमेरिकेत अधूनमधून निघतो आणि हसण्यावारी नेला जातो. या फेकीला तेथे आजीबाईंची फेक म्हणतात. तिचे निम्मे दुर्दैव या नावातच आहे.

रिक बॅरीने या हसण्याची पर्वा केली नाही. एनबीएमध्ये खालूनच फेकून त्याने सुमारे ९० टक्के फ्री थ्रो साधले. १९७८-७९ च्या हंगामात तर १६९ पैकी १६०. या फेकीत दोन्ही हात सारखेच हलतात, त्यामुळे मनगट व कोपर यांच्या बारीकसारीक चुकांना वाव कमी राहतो. चेंडू उलटी फिरकी घेत अलगद येतो आणि कड्याला लागला तरी फारसा उसळत नाही.

तथापि एकट्या बॅरीवरून सिद्धान्त मांडणे उतावीळपणाचे होईल. मार्क प्राइस आणि स्टीव्ह नॅश यांनी वरून फेकूनही ९० टक्क्यांची मजल ओलांडली. ज्याचा हात मुळातच बसलेला आहे, त्याने पद्धत बदलण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो चुकणाऱ्यांचा.

विल्ट चेंबरलेन हा त्यांतला सर्वांत मोठा. १९६१-६२ मध्ये त्याने खालून फेकण्यास आरंभ केला आणि त्याचे प्रमाण ६१ टक्क्यांवर गेले. २ मार्च १९६२ रोजी हर्शी येथे त्याने एकट्याने १०० गुण केले, तेव्हा ३२ पैकी २८ फ्री थ्रो त्याने साधले होते. एवढे यश पदरात असूनही पुढे त्याने ती पद्धत सोडली. तसे फेकताना आपण बायकी आणि हास्यास्पद दिसतो असे वाटे, हे त्याने नंतर मोकळेपणाने लिहिले. आपले चुकले, हेही मान्य केले. शकील ओनीलची कारकीर्दीची सरासरी ५३ टक्क्यांच्या आतली. पण त्यानेही खालून फेकण्यापेक्षा शून्य टक्के पत्करू, असेच सांगितले. म्हणजे नकार युक्तिवादाचा नव्हता, प्रेक्षकांच्या नजरेचा होता.

ही भीती किती महाग पडली, याचा नेमका हिशेब मांडता येणार नाही. वरून फेकणाऱ्या चेंबरलेनने १९६७-६८ च्या एका हंगामात ९३२ पैकी ५७८ फ्री थ्रो गमावले, एवढी मात्र नोंद आहे.