इसबगोल आणि रक्तांतील कोलेस्टेरॉल

इसबगोलाचा डबा पुष्कळ घरांच्या कपाटांत फार दिवसांपासून आहे. रात्रीं निजतांना चमचाभर भुसा पाण्यांतून घ्यावा आणि सकाळीं कोठा साफ व्हावा, एवढीच त्याजकडून अपेक्षा असे. अलीकडे त्याच डब्याकडे निराळ्या आशेनें पाहिलें जातें. रक्ततपासणीच्या कागदावर कोलेस्टेरॉलचा आंकडा जरा चढलेला दिसला कीं वडील मंडळी इसबगोल सुरू करतात. आणि ज्यांचा आंकडा मुळींच चढलेला नाहीं, असे धडधाकट लोकही ‘असूं द्यावा’ म्हणून तो घेऊं लागतात.

हें पीक उत्तर गुजराथेंत व राजस्थानांत निघतें, आणि बियांवरचें पातळ टरफल तेवढें उपयोगांत येतें. तें पाण्यांत फुगून बुळबुळीत होतें. त्याचा सारा गुण या बुळबुळीतपणांत आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लें तयार करतें. तीं आंतड्यांत उतरून स्निग्ध पदार्थांच्या पचनास मदत करतात, आणि काम झाल्यावर त्यांतील बहुतेक पुन्हां यकृताकडे परत जातात. काटकसरी गृहिणीनें तळणीचें तेल जपून ठेवावें, तसाच हा प्रकार. इसबगोलाचा लगदा त्यांतील कांहीं आम्लें अडवून मळावाटे बाहेर नेतो. मग ही तूट भरून काढण्यासाठीं यकृतास रक्तांतील कोलेस्टेरॉल ओढून घ्यावें लागतें. गव्हाच्या कोंड्यास हें साधत नाहीं, कारण त्याचा असा लगदा होत नाहीं.

उपपत्ति सुबक आहे खरी. पण सुबक उपपत्तीवर विसंबणें धोक्याचें असतें. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ओटच्या कोंड्याचें असेंच वेड पसरलें होतें. १९९० सालीं बोस्टन येथील संशोधकांनीं वीस निरोगी प्रौढांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रत्येकानें सहा आठवडे ओटचा कोंडा खाल्ला आणि सहा आठवडे चोथा फारसा नसलेला गहू. केव्हां काय चाललें आहे, हें खाणारासही ठाऊक नव्हतें आणि तपासणारासही. ओटच्या कोंड्यानें कोलेस्टेरॉल सातआठ टक्के उतरलें. गव्हानेंही जवळजवळ तितकेंच उतरलें! या पदार्थांनीं पोट भरल्यामुळें लोकांनीं संपृक्त स्निग्ध पदार्थ कमी खाल्ले होते, असें संशोधकांस आढळलें. तुलनेस गहू नसता, तर सारें श्रेय ओटनें लाटलें असतें.

तथापि वीस माणसें म्हणजे थोडींच, आणि त्यांचें कोलेस्टेरॉल मुळांतच बेताचें होतें. पुढें १९९९ सालीं ६७ प्रयोगांचे आंकडे एकत्र करून पाहतां, विरघळणाऱ्या चोथ्याचा परिणाम खरा पण लहान ठरला. ज्यांचें अपायकारक कोलेस्टेरॉल वाढलेलें आहे, त्यांच्यांत दररोज सुमारें दहा ग्रॅम इसबगोलानें तें साधारण पांच ते दहा टक्के उतरतें. निरोगी माणसाच्या बाबतींत उतरण्यास जागाच थोडी. कमी तूपलोणी आणि अधिक कडधान्यें यांनींही कांहीं काम होतेंच, आणि त्यासाठीं डबा विकत घ्यावा लागत नाहीं.

खरा धोका निराळा आहे. डॉक्टरांनीं दिलेल्या स्टॅटिन वर्गाच्या गोळ्या तें कोलेस्टेरॉल तीस ते पन्नास टक्के उतरवूं शकतात. भुशाच्या भरंवशावर त्या परस्पर बंद करणारा गृहस्थ मोठें सोडून लहान धरतो. इसबगोल घ्यावयाचाच तर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावा. पाणी कमी पडल्यास तो घशांतच फुगतो. इतर औषधें आणि इसबगोल यांत कांहीं तासांचें अंतर ठेवावें, कारण हा लगदा पित्ताबरोबर औषधही अडवूं शकतो.